फ्रिगेटचे ‘बर्ड्‌सआय’ दृश्य : नऊ कॅमेरे आणि एक पडदा

बहुतेक गृहसंस्थांत सीसीटीव्हीचा अर्थ फाटकाजवळच्या केबिनमध्ये टांगलेला एक टीव्ही आणि त्यावर एकाच वेळी दिसणाऱ्या नऊ किंवा सोळा चौकटी, एवढाच उरला आहे. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्याचे सोळा भाग केले की प्रत्येक भागाच्या वाट्याला ४८० बाय २७० पिक्सेल येतात. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मुळात २५६० बाय १४४० पिक्सेलचे चित्र देतो. म्हणजे त्याने टिपलेल्या तपशिलाचा जेमतेम अठ्ठाविसावा भाग पहारेकऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो, आणि तरीही बारा तासांच्या पाळीत त्याने सगळ्या चौकटींवर सारखीच नजर ठेवावी, अशी अपेक्षा आपण बाळगतो. ही अपेक्षा अन्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दृश्ये शेजारी शेजारी मांडली म्हणून ती एकत्र आली असे होत नाही. कोणत्या क्षणी कोणते दृश्य मोठे करून पुढे आणायचे आणि नंतर शोध घेताना सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच घड्याळावर कसे आणायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रणालीकडे आहेत तिलाच मी एकत्रित देखरेखीची प्रणाली म्हणेन, आणि याच कसोटीवर येथे फ्रिगेट या सॉफ्टवेअरचे परीक्षण केले आहे.

फ्रिगेट हे ब्लेक ब्लॅकशियर यांनी सुरू केलेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असून ते एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळते. ते एनव्हीआरचे, म्हणजे जाळ्यावरील कॅमेऱ्यांचे चित्रण साठवण्याचे आणि दाखवण्याचे काम करते. मात्र त्यासाठी वेगळी पेटी विकत घ्यावी लागत नाही, कोणत्याही बऱ्यापैकी लिनक्स संगणकावर ते डॉकर या सॉफ्टवेअरच्या आधारे चालते. चित्रे ओळखण्याचे सगळे काम त्याच संगणकावर होते आणि चित्रण बाहेरच्या कोणत्याही सर्व्हरवर जात नाही. आमच्या संस्थेत मुख्य फाटक, मागचे फाटक, दोन इमारतींचे प्रवेशकक्ष, पार्किंगमधील दोन कोपरे, मागची भिंत, गच्चीवरील पाण्याच्या टाक्या आणि मुलांचे खेळाचे आवार असे नऊ कॅमेरे आहेत. ते इंटेलच्या एन१०० प्रोसेसरच्या एका छोट्या संगणकाला जोडलेले आहेत. पूर्वी वस्तू ओळखण्यासाठी गूगलची कोरल ही वेगळी चिप लावण्याची पद्धत होती. आता इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेल्या ग्राफिक्सवर ओपनव्हिनो या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तेच काम होते, आणि एवढ्या कॅमेऱ्यांसाठी ते पुरेसे ठरते.

या सॉफ्टवेअरमधील ज्या सोयीसाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले, ती म्हणजे ‘बर्ड्‌सआय’ हे दृश्य. यात चौकटींची जागा आणि संख्या ठरलेली नसते. ज्या कॅमेऱ्यासमोर काही घडत आहे तोच पडद्यावर येतो. एकाच ठिकाणी हालचाल असेल तर ते एकच चित्र सगळा पडदा व्यापते, दुसऱ्या ठिकाणी कोणी आले की पडदा दोघांत वाटला जातो, तिसरा कॅमेरा जागा झाला की मांडणी पुन्हा बदलते, आणि एखाद्या कॅमेऱ्यासमोरची हालचाल थांबून ३० सेकंद उलटले की त्याचे चित्र आपोआप बाजूला होते. ही ३० सेकंदांची मर्यादा मूळ रचनेतली आहे व ती बदलता येते. रात्री दोन वाजता मागच्या भिंतीजवळ माणूस दिसला, तर पहारेकऱ्यासमोर सोळांपैकी एक लहानशी चौकट थरथरत नाही, पूर्ण टीव्हीभर मागची भिंत उभी राहते. देखरेखीच्या कामात याहून मोलाची सोय मला दुसरी दिसत नाही, कारण नजर कुठे वळवायची हा निर्णय थकलेल्या माणसावर न सोपवता तो भार यंत्राने उचललेला असतो, आणि पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याचे काम, जे माणसालाच नीट जमते, ते माणसाकडेच राहते.

कोणता कॅमेरा कधी पुढे यावा हे ठरवण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत माणूस किंवा निवडलेली एखादी वस्तू ओळखली गेली तरच चित्र येते, दुसऱ्या पद्धतीत नुसती हालचाल पुरते, आणि तिसऱ्या पद्धतीत कॅमेरा कायम पडद्यावर राहतो. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी यांतली वेगळी पद्धत निवडता येते, आणि या सोयीचा उपयोग करून घेणे फार महत्त्वाचे आहे. सगळे कॅमेरे पहिल्या पद्धतीवर ठेवले तर शांत वेळी पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवरील पक्ष्याच्या चिन्हाखेरीज काहीच नसते, आणि टीव्ही बंद पडला आहे की सगळे खरोखरच सुरळीत आहे, हे पहारेकऱ्याला कळत नाही. म्हणून मुख्य फाटकाचा कॅमेरा कायम दिसेल असा ठेवावा. गच्चीचा कॅमेरा हालचालीवर ठेवायला हरकत नाही, कारण तिथे रात्री पान हलण्याचाही प्रश्न नसतो. मात्र झाडाजवळचे कॅमेरे हालचालीवर ठेवले तर वाऱ्याच्या झुळकेसरशी ते पुढे येतात, आणि पावसाळ्यात इन्फ्रारेड दिव्यांच्या प्रकाशात चमकणाऱ्या पावसाच्या सरी व कॅमेऱ्याच्या काचेसमोर विणलेली कोळ्याची जाळी यांमुळे पडदा पुन्हा जुन्या चौकटींसारखाच गजबजून जातो. अशा ठिकाणी वस्तू ओळखण्याचीच पद्धत हवी.

पार्किंगच्या बाबतीत फ्रिगेटने दाखवलेला विवेक विशेष उल्लेखनीय आहे. उभी केलेली मोटार ही ओळखलेली वस्तूच असते. पण ती स्थिर झाली की बर्ड्‌सआय तिला मोजत नाही, त्यामुळे रात्रभर उभ्या असलेल्या गाड्यांपायी पार्किंगचे दृश्य पडदा अडवून बसत नाही. गाडी हलली की मात्र ते लगेच पुढे येते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूळ मांडणीत फ्रिगेट फक्त माणसाचा माग ठेवते. मोटार, दुचाकी, सायकल, कुत्रा यांची नावे यादीत स्वतः घालावी लागतात. दुसरे असे की, त्याचे प्रचलित ओळख-प्रारूप कोको या चित्रसंग्रहावर शिकवलेले आहे आणि त्या संग्रहातील ८० वर्गांत आपली तीनचाकी रिक्षा नाही. फाटकातून आत येणारी रिक्षा त्यामुळे कधी मोटार म्हणून ओळखली जाऊ शकते, तर कधी सुटूही शकते. फाटकाचा कॅमेरा कायम पडद्यावर ठेवण्याचा सल्ला देण्यामागे हेही एक कारण आहे.

चित्राच्या स्पष्टतेविषयी खरेदीदारांचा गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून ते तपशिलाने सांगतो. प्रत्येक कॅमेरा सहसा दोन प्रवाह देतो : साठवणुकीसाठी मोठा मेनस्ट्रीम आणि पाहण्यासाठी लहान सबस्ट्रीम. फ्रिगेट वस्तू ओळखण्यासाठी लहान प्रवाह वापरते, सेकंदाला ५ चित्रे एवढा वेग त्यासाठी पुरतो, आणि बर्ड्‌सआयची मांडणी याच प्रवाहातील चित्रांतून तयार होते. सबस्ट्रीम ६४० बाय ३६० पिक्सेलचा असेल तर दोन बाय दोनच्या मांडणीत तो अगदी नेमका बसतो. परंतु तेच चित्र एकट्याने ४३ इंची टीव्ही भरू लागले की चेहरा धूसर दिसतो, आणि ज्या क्षणासाठी ही सारी योजना केली त्याच क्षणी ती अपुरी पडते. यावर उपाय कॅमेरा विकत घेतानाच करावा लागतो. सबस्ट्रीम १२८० बाय ७२० पिक्सेलपर्यंत नेता येईल असा कॅमेरा निवडावा. बर्ड्‌सआयच्या कॅनव्हासचे, म्हणजे ज्यावर ही चित्रे मांडली जातात त्या पृष्ठाचे, मूळ मापही तेवढेच आहे, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसतो. बाजारातील अनेक कॅमेऱ्यांचा सबस्ट्रीम ७०४ बाय ५७६ वरच थांबतो आणि त्याचे लांबी-रुंदीचे प्रमाणही मेनस्ट्रीमपेक्षा वेगळे असते, हे विक्रेता सांगत नाही. ते माहितीपत्रकात शोधावे लागते.

केबिनमधील टीव्हीवर हे दृश्य नेण्यासाठी फ्रिगेटमधील गो२आरटीसी या भागाचा उपयोग होतो. बर्ड्‌सआयचा पुनर्प्रवाह, म्हणजे ते दृश्य इतर यंत्रांना पुरवण्याची सोय, सुरू केला की ते दृश्य एखाद्या साध्या कॅमेऱ्यासारखे आरटीएसपी या थेट चित्रप्रवाहाच्या पद्धतीच्या पत्त्यावर उपलब्ध होते आणि व्हीएलसीसारख्या कोणत्याही प्रोग्रॅममधून टीव्हीवर उघडता येते. पहारेकऱ्याला ब्राउझर, पासवर्ड किंवा माऊस यांच्याशी काहीही घेणेदेणे उरत नाही. एरवी कोणी पाहत नसताना फ्रिगेट हे संयुक्त चित्र तयार करण्याचे कष्ट घेत नाही. पुनर्प्रवाह चालू केल्यावर मात्र ते अखंड तयार होत राहते, आणि प्रोसेसरवरचा भार त्या मानाने वाढतो. याच गो२आरटीसीमुळे कॅमेऱ्याशी एकच जोडणी करून तिचे चित्र टीव्ही, फोन आणि साठवणूक अशा सर्वांना पुरवता येते. स्वस्त कॅमेरे एका वेळी मोजक्याच जोडण्या सांभाळू शकतात, तेव्हा हा लाभ लहान समजू नये.

समितीच्या सदस्यांसाठी वेबवरचे मुखपृष्ठ आहे. २०२४ मध्ये आलेल्या ०.१४ या आवृत्तीपासून त्याचा चेहरामोहरा पूर्ण बदलला, कॅमेऱ्यांचे गट करण्याची आणि चौकटी ओढून लहानमोठ्या करण्याची सोय आली. येथेही हालचाल नसताना चित्र मिनिटाला एकदाच बदलते व काही घडू लागताच थेट प्रवाह सुरू होतो, त्यामुळे मोबाइलच्या डेटावर नऊ कॅमेरे पाहणेही जड जात नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते प्रणालीची खरी परीक्षा तिथे होते. पार्किंगमधून एखादी स्कूटर नाहीशी झाली, तर ती कोणी ढकलत नेली, कोणत्या फाटकाने नेली आणि त्याआधी तो माणूस कुठून आला, हे तीन-चार कॅमेऱ्यांत विखुरलेले असते. जुन्या पद्धतीच्या यंत्रावर एकेका कॅमेऱ्याचे चित्रण स्वतंत्रपणे पुढेमागे करत वेळ कागदावर लिहून घ्यावी लागते. फ्रिगेटच्या इतिहास-दृश्यात एक कॅमेरा मोठा दिसत असताना बाकीच्यांची लहान पूर्वदृश्ये त्याच क्षणावर धरलेली असतात आणि कालरेषेवर बोट सरकवले की सगळी एकदम सरकतात. माणूस पार्किंगच्या चौकटीबाहेर गेला की शेजारच्या कोणत्या चौकटीत तो उगवतो हे डोळ्यांना आपसूक दिसते, त्या चौकटीवर टिचकी मारली की ती मोठी होते, आणि माग पुढे चालू राहतो. पूर्वदृश्ये कमी स्पष्टतेची असतात, पण ती दिशा दाखवण्यासाठीच आहेत व तेवढे काम चोख करतात. घटनांची ‘सूचना’ आणि ‘नोंदी’ अशी दोन स्तरांत केलेली विभागणीही उपयुक्त आहे : माणूस दिसला ती सूचना, कुत्रे फिरून गेले ती नोंद, अशी निवड आपण करू शकतो, आणि सकाळी रात्रीचा आढावा घेणाऱ्याला आधी फक्त सूचना पाहता येतात.

हे सगळे वेळेच्या अचूकतेवर उभे आहे. फ्रिगेट चित्रणाची वेळ आपल्या सर्व्हरच्या घड्याळावरून धरते. चित्राच्या कोपऱ्यात उमटलेली वेळ मात्र कॅमेऱ्याच्या स्वतःच्या घड्याळाची असते. सुरक्षेसाठी कॅमेऱ्यांना इंटरनेटपासून तोडले की त्यांची घड्याळे हळूहळू वेगवेगळी धावू लागतात, आणि मग एकच माणूस पार्किंगमधून निघण्याआधीच फाटकावर पोहोचल्याचे चित्रावरच्या आकड्यांत दिसते. सर्व्हरलाच एनटीपी ही घड्याळे जुळवणारी सेवा चालवायला लावून सर्व कॅमेऱ्यांना त्याची वेळ घ्यायला सांगणे हा यावरचा साधा उपाय आहे. कॅमेऱ्याच्या मांडणीत आय-फ्रेमचे अंतर चित्रवेगाएवढे ठेवावे, म्हणजे प्रत्येक सेकंदाला एक पूर्ण चित्र मिळते आणि प्रवाह उघडताना रेंगाळत नाही. बसवणाऱ्या माणसाकडून ही दोन कामे करून घेतल्याखेरीज त्याचे बिल चुकते करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

फ्रिगेट काय करत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवायला हवे. ते दोन कॅमेऱ्यांची चित्रे शिवून एक सलग चित्र तयार करत नाही. पार्किंगमधील दोन कोपऱ्यांचे कॅमेरे जोडून एकच लांबलचक दृश्य मिळावे, ही मागणी वारंवार ऐकू येते, पण तिच्या आड भूमितीच येते. दोन कॅमेरे वेगवेगळ्या जागी असले की जवळची आणि दूरची वस्तू त्यांना एकमेकांच्या संदर्भात वेगळ्या ठिकाणी दिसते. एकदा उजवा व एकदा डावा डोळा मिटून समोर धरलेले बोट पाहिले तर ते जसे मागच्या भिंतीवर सरकते, तसेच हे आहे. गणिताने जमिनीचा पृष्ठभाग दोन्ही चित्रांत जुळवता येतो, परंतु जमिनीवर उभा असलेला माणूस त्या सपाटीत नसतो, म्हणून सांध्यावर तो दुभंगतो, दोनदा दिसतो किंवा नाहीसा होतो. सुरक्षेच्या कामात माणूसच नाहीसा करणारे सुंदर चित्र मला नको आहे. सलग दृश्याची खरीच गरज असेल, तर एकाच आवरणात अनेक भिंगे जवळजवळ बसवलेले आणि कारखान्यातच जुळवलेले १८० अंशांचे कॅमेरे मिळतात. रिओलिंकचे ड्युओ ३ हे दोन भिंगांचे आहे, तर काही कॅमेरे चार सेन्सरचे असतात. भिंगांमधील अंतर कमी असल्याने त्यांत दोष कमी राहतो, मात्र कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तो पुरता जात नाही. असा कॅमेरा फ्रिगेटला एका रुंद कॅमेऱ्यासारखा जोडता येतो, आणि लांब कुंपणासाठी तो दोन स्वतंत्र कॅमेऱ्यांपेक्षा सोयीचा ठरतो.

दुसरी मर्यादा अशी की, एका कॅमेऱ्यात दिसलेला माणूस आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसलेला माणूस एकच आहे, हे फ्रिगेट जाणत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याची ओळख स्वतंत्र चालते, त्यामुळे फाटकापासून जिन्यापर्यंत चालत गेलेल्या एका पाहुण्याच्या तीन वेगळ्या घटना नोंदल्या जातात. त्या जोडण्याचे काम पाहणाऱ्यानेच करायचे असते, आणि वर सांगितलेले इतिहास-दृश्य त्यासाठी मदत करते, एवढेच.

साठवणुकीचा हिशेब आधीच करावा. ४ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिटचा, एक प्रवाह तासाला १.८ जीबी आणि दिवसाला ४३.२ जीबी जागा घेतो. नऊ कॅमेऱ्यांचे १५ दिवसांचे अखंड चित्रण ठेवायचे तर सुमारे ५.८ टीबी लागतात. फक्त हालचालीचे किंवा ओळखलेल्या वस्तूंचे भाग जास्त दिवस ठेवून ही गरज बरीच खाली आणता येते. एच.२६५ संकेतन, म्हणजे चित्रण दाबून साठवण्याची नवी पद्धत, जागा वाचवते, परंतु ते चित्रण ब्राउझरमध्ये उघडेलच याची खात्री नसते, कारण त्यासाठी ब्राउझर आणि यंत्र या दोन्हींची साथ लागते. समितीतील सदस्यांचे फोन व संगणक निरनिराळे असतील तर जुनी एच.२६४ पद्धत निवडून डिस्क मोठी घेणे शहाणपणाचे.

एनव्हीआरची तयार पेटी भिंतीवर लावून एचडीएमआयची तार टीव्हीला जोडली की काम सुरू होते. फ्रिगेटसाठी एक संरचना-फाइल बहुतांशी हाताने लिहावी लागते, तिच्यातील एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी प्रणाली अडू शकते, आणि नव्या आवृत्तीत त्या फाइलचे नियम बदलू शकतात. संस्थेत हे काम मनापासून करणारी आणि पुढच्या माणसासाठी लिहून ठेवणारी व्यक्ती नसेल, तर चार कॅमेऱ्यांच्या संस्थेने पेटीच घ्यावी. कॅमेरे आठ-नऊच्या पुढे गेले की मात्र चौकटींची भिंत निरुपयोगी होऊ लागते आणि बर्ड्‌सआयसाठी घेतलेले कष्ट सार्थकी लागतात. सुरक्षेच्या दृष्टीने ८९७१ हेच प्रवेशनियंत्रण असलेले पोर्ट वापरावे. ५००० हे पोर्ट पासवर्ड विचारत नाही, म्हणून ते संस्थेच्या सार्वजनिक वायफायवर कधीही उघडे ठेवू नये. समोरच्या बंगल्याची खिडकी किंवा कोणाचे स्वयंपाकघर चौकटीत येत असेल तर ते झाकण्याची सोय कॅमेऱ्याच्याच मांडणीत करावी. फ्रिगेटमधील हालचालीचा मास्क फक्त हालचाल दुर्लक्षित करतो, चित्र झाकत नाही. हा फरक शेजाऱ्यांच्या खासगीपणाचा आहे.

शेवटी पुराव्याविषयी. बर्ड्‌सआयचे संयुक्त दृश्य पाहण्यासाठी आहे. फ्रिगेट ते आपण होऊन साठवत नाही, आणि साठवले तरी ते लहान प्रवाहातून पुन्हा जुळवलेले चित्र असल्याने तपासात त्याचे वजन पडणार नाही. पोलिसांना द्यायचे ते प्रत्येक कॅमेऱ्याचे मेनस्ट्रीममधील मूळ चित्रण. फ्रिगेटमधून हव्या त्या वेळेचा भाग पुन्हा संकेतन न करता एमपी४ फाइल म्हणून निर्यात करता येतो, परंतु तो कॅमेऱ्यागणिक वेगळा घ्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडा, भरायचे असते. म्हणून निर्यात केलेल्या प्रत्येक फाइलचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य त्याच वेळी काढून संस्थेच्या नोंदवहीत लिहावे, मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, आणि जुने चित्रण आपोआप पुसले जाण्याची मुदत उलटण्यापूर्वी हे काम कोणी करायचे, ते नाव समितीने आधीच ठरवून ठेवावे.